श्रेयपानावर अक्षरकाराचं नाव कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांचा खर्च कसा वाढत चालला आहे, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कागद, छपाई, बांधणी, टपाल, लेखकांचं मानधन, मुखपृष्ठाच्या चित्राचे पैसे असा सगळा हिशेब त्यात आहे आणि तो बरोबरही आहे. पण ज्या अक्षरांत अंक छापला जाणार, त्या अक्षरांपोटी एक रुपयाही त्या हिशेबात धरलेला नाही. लेखक ते विसरला असं मला वाटत नाही. तो खर्च आपल्याकडे कुणी धरतच नाही. मी सव्वीस वर्षं सांगलीत अक्षरजुळणीचं काम करते. एवढ्या वर्षांत "फॉन्ट विकत घेतलेला आहे ना, पावती आहे ना?" असं मला एकाही प्रकाशकाने विचारलेलं नाही. विचारतात ते एवढंच की अमुक फॉन्ट आहे का, नसला तर पेन ड्राइव्हवर आणून देतो.

तो पेन ड्राइव्ह आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्यात 'ऑल मराठी' अशा नावाचा एक फोल्डर असतो. आत दीड-दोन हजार फाइली, एकाच फॉन्टच्या चार-चार प्रती, काहींची नावं कुणीतरी बदललेली. कुणी केला, कधी केला, वापरायची परवानगी कुणाला आहे, याचा कागद त्यात नसतो. सुरुवातीची बरीच वर्षं मीही त्याच फोल्डरवर पोट भरलं. ते चूक होतं. त्याची किंमत मला मोजावी लागली, ती आधी सांगते.

एका नवीन कवीचा संग्रह माझ्याकडे जुळणीला होता. फॉन्ट पेन ड्राइव्हवरचाच. छापखान्यासाठी पीडीएफ काढायला गेले तर फॉन्ट आत बसेना. फॉन्टच्या फाइलमध्येच एक खूण असते. तो पीडीएफमध्ये बसवायला मालकाची परवानगी आहे की नाही, ते त्या खुणेवरून सॉफ्टवेअरला कळतं. या फॉन्टला ती परवानगी नव्हती. रीतसर विकत घेतला असता तर परवाना वाचून हे मला आधीच समजलं असतं. मी पळवाट काढली. पीडीएफऐवजी ओपन फाइल, म्हणजे जुळणीची बदल करता येणारी मूळ फाइल दिली आणि शेजारी फॉन्टची प्रत ठेवली. छापखान्यात त्याच नावाचा, पण जुना फॉन्ट आधीपासून होता आणि फाइल त्यातच उघडली गेली. त्या जुन्या प्रतीत 'ऱ्य' हे जोडाक्षरच नव्हतं, तिथे नुसते चौकोन आले. रात्रपाळीच्या मुलाने चांगल्या हेतूने ते सगळे चौकोन एका फटक्यात बदलून 'र्य' करून टाकले. सकाळपर्यंत फॉर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, छापून झाला होता.

'सह्याद्रीच्या दऱ्या' असं लिहिणाऱ्या कवीच्या पहिल्या पुस्तकात 'सह्याद्रीच्या दर्या' छापलं गेलं. दरी गेली आणि समुद्र आला. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं. सोळा पानांचा तो फॉर्मा पुन्हा छापावा लागला, निम्मा खर्च मी सोसला. पैशाचं दुःख फार दिवस राहिलं नाही. पण तो कवी पुस्तक हातात घेऊन माझ्यासमोर बसला होता आणि पानावर बोट ठेवून "ताई, हे मी असं लिहिलेलं नाही हो," एवढंच म्हणाला, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हापासून कायदा काय म्हणतो ते मी समजून घेत आले. प्रकाशकांमध्ये याबद्दल जे दोन समज आहेत, ते दोन्ही चुकीचे आहेत. एक म्हणजे, अक्षरं काय कुणाच्या मालकीची असतात? आणि दुसरा, एकदा फॉन्ट विकत घेतला की तो आपला झाला.

पहिल्या समजात अर्धं तथ्य आहे. 'अ' कुणाच्या मालकीचा नाही. अक्षराचं वळणही आपल्या कॉपीराइट कायद्याखाली सहजी येत नाही. 'आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स' या अक्षरवळणाच्या प्रकरणात २००२ साली कॉपीराइट बोर्डाने तशी नोंदणी मान्य केली नाही. वळणाला संरक्षण हवं असेल तर वाट आहे ती डिझाइन कायद्याची, म्हणजे २००० च्या कायद्याची. त्याच्या वर्गवारीत टाइप आणि अक्षरवळणांसाठी १८-०३ हा स्वतंत्र वर्ग आहे. तिथे दहा आणि वाढवून आणखी पाच वर्षं हक्क मिळतो. पण अर्ज वळण बाजारात येण्याआधी करावा लागतो. आधी विकायला काढलं आणि मग नोंदवलं, असं चालत नाही.

पण आपण संगणकावर टाकतो ती फॉन्टची फाइल असते, नुसतं वळण नसतं. कुठली मात्रा कुठे बसायची, रफार कशावर चढायचा, वेलांटी कितपत लांबवायची, 'क्ष' कधी जुळायचा, हे सगळं त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीचाच दर्जा आहे, आणि फॉन्ट विकणारे सगळे आपली फाइल प्रोग्रॅम म्हणूनच परवान्यावर देतात. अमेरिकेत वळणाला कॉपीराइट नाही, तरी १९९८ मध्ये अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने सदर्न सॉफ्टवेअर या कंपनीविरुद्धचा दावा जिंकला. सदर्नने अ‍ॅडोबीच्या फॉन्टमधले बाह्यरेषेचे बिंदू थोडे इकडेतिकडे करून नव्या नावाने फॉन्ट विकले होते. बिंदू कुठे ठेवायचे हे ठरवणं हेच सर्जनशील काम आहे, असं न्यायालयाने मानलं. पेन ड्राइव्हवरच्या नावं बदललेल्या फाइली आठवल्या की मला हा निकाल आठवतो.

आपल्या कायद्याचं कलम ६३बी तर प्रत्येक जुळणीकाराने आणि प्रकाशकाने एकदा वाचावं. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. आपण पुस्तकं विकण्यासाठीच छापतो, तेव्हा ही सवलत आपल्या उपयोगाची नाही.

दुसऱ्या समजाचा फटका तर प्रामाणिक माणसाला बसतो. माझ्या ओळखीच्या एका लहान प्रकाशकाने पैसे मोजून फॉन्ट घेतला होता, पावतीही होती. छापील पुस्तक झालं, मग त्याचं ई-बुक निघालं. वर्षभराने फॉन्टच्या मालकांच्या वकिलाची नोटीस आली. घेतलेला परवाना कार्यालयातल्या ठरावीक संगणकांसाठी आणि छपाईसाठी होता. ई-बुकमध्ये फॉन्टची फाइलच आत भरून हजारो वाचकांच्या फोनवर जाते, त्याचा परवाना वेगळा आणि त्याचे पैसेही वेगळे. वेबसाइटचा आणखी वेगळा, मोबाइल अ‍ॅपचा वेगळा. बिचाऱ्याने ई-बुक मागे घेतलं, फरक भरला आणि नवी आवृत्ती दुसऱ्या फॉन्टात काढली. हीच गत विंडोजसोबत येणाऱ्या फॉन्टची. सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' आपल्या संगणकावर फुकट आल्यासारखा वाटतो. त्यात पुस्तक जुळवून छापता येतं, पण त्याची फाइल उचलून दुसऱ्याला वाटता येत नाही. ती विंडोजच्या परवान्याबरोबर आलेली असते.

लेखक मला अनेकदा घाबरून विचारतात, की मग उद्या फॉन्टवाला माझ्या पुस्तकावर हक्क सांगेल का? नाही. मजकूर तुमचाच राहतो. वाद झाला तर तो फाइलीच्या वापराचा होतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न असा नव्हता. फाउंड्रीतून टाइप वजनावर विकत आणायचा, झिजला की पुन्हा आणायचा. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर जे ठसे कोरले, ते अक्षर पुढे कित्येक दशकं मराठी आणि संस्कृत वाचकांच्या डोळ्यांत बसलं. माझे सासरे खिळेजुळारी होते. 'निर्णयसागरचा टाइप' हे शब्द ते एखाद्या घराण्याचं नाव घ्यावं तसे घ्यायचे. अक्षर कुणीतरी घडवलेलं आहे, हे त्या पिढीला हाताला लागणाऱ्या शिशामुळे ठाऊक होतं. फाइल हाताला लागत नाही, म्हणून तिच्यामागचा माणूसही दिसेनासा झाला.

तो माणूस मात्र आहे. देवनागरी फॉन्ट करायचा म्हणजे रोमनसारखी सव्वीस अक्षरं दोनदा काढून भागत नाही. जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात, त्यात मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदीपेक्षा वेगळा, शिवाय आमचा तो 'ऱ्य'. वर्ष-दोन वर्षं त्यात सहज जातात. हे सगळं पेन ड्राइव्हवर फुकट फिरलं, तर पुढचा मराठी फॉन्ट कोण करील आणि कशाच्या जिवावर?

आणि चोरायची गरज तरी कुठे उरली आहे? मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बालू', रेड हॅटचा 'लोहित देवनागरी', 'टिरो देवनागरी मराठी' हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवर मोफत मिळतात. एसआयएल या संस्थेने केलेला हा परवाना अगदी सरळ आहे. पुस्तक छापा, पीडीएफमध्ये बसवा, ई-बुकमध्ये भरा, फॉन्टमध्ये सुधारणा करा, दुसऱ्याला द्या. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका, मूळ परवाना सोबत ठेवा, आणि कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देऊ नका. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' असाच मुक्त परवान्यावर दिला आणि त्याच्या आधारावर आयआयटी मुंबईत संस्कृतच्या कामासाठी 'शोभिका' तयार झाला. एकाने केलेल्या अक्षरावर दुसऱ्याने उघडपणे, नाव सांगून काम केलं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. ज्यांना विकतचाच फॉन्ट आवडतो त्यांनी जरूर तोच घ्यावा. पण तो खर्च मुखपृष्ठाच्या चित्रासारखा हिशेबात धरावा, आणि पावती व परवाना त्या पुस्तकाच्या कराराच्या फाइलीत लावून ठेवावा. दहा वर्षांनी ई-बुक काढायची वेळ येते तेव्हा जुळणी करणारा बदललेला असतो आणि कुणालाच काही आठवत नाही.

माझी मुख्य मागणी मात्र श्रेयपानाची आहे. आपल्या पुस्तकात मुद्रकाचं नाव असतं, ते १८६७ च्या कायद्याने सक्तीचं केलं म्हणून रुळलं. मुखपृष्ठकाराचं नाव चित्रकारांनी आग्रह धरून मिळवलं. अक्षरजुळणीचं नावही आता बऱ्याच ठिकाणी येतं. ज्याच्या अक्षरांत अख्खं पुस्तक वाचलं जातं, त्याचं नाव मात्र नाही. ते छापायचं म्हटलं की फॉन्ट कुठून आला हे कुणालातरी विचारावंच लागेल, आणि पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरला नाव देता येत नाही. प्रकाशकांच्या संस्थांनी हा नियम स्वतःहून करावा. आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी दिवाळी अंकांची परीक्षणं छापताना त्याची दखल घ्यावी.

यंदा माझ्याकडे तीन अंक जुळणीला आहेत. दोघा संपादकांनी हो म्हटलं. तिसऱ्यांना श्रेयपानावर जागा नव्हती, तेव्हा मी माझ्या नावाची ओळ आठ पॉइंटांत घेऊन त्याखाली जागा काढून दिली. तिन्ही अंकांत ही ओळ जाणार आहे, कुणाला उपयोगी पडली तर जशीच्या तशी घ्यावी: "अक्षरसंच: मुक्ता. रचना: एक टाइप, मुंबई. परवाना: एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१."

आपली नियमित वाचक,
एक अक्षरजुळणीकार, सांगली