बनावट नोटा बिनबोभाट पास करणाऱ्या तुमच्या मशीनबद्दल चौथी तक्रार

दि. ८ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नोटा मोजण्याच्या मशीनने ५०० रुपयांच्या ३ बनावट नोटा खऱ्या म्हणून मोजल्याबाबत.

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवलाय. सव्वाबाराला लावला होता, ठेवला तेव्हा एक वाजत आला होता. त्यात पंधरा मिनिटं नुसती बासरी. बासरी चांगली आहे, तेवढी बदलू नका.

मशीन कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे, सिरियल नंबर आधीच्या तिन्ही मेलमध्ये आहे. खोक्यावर ‘अतिनील, चुंबकीय, इन्फ्रारेड : तिहेरी तपासणी’ असं तुम्हीच छापलंय. मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, १४,५०० रुपये मोजून ते घेतलं. माझं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये बियाण्याला-खताला माणसं रोकड घेऊन येतात आणि सगळ्यांनाच घाई असते. तेव्हा एकेक नोट उजेडात धरत बसता येत नाही, म्हणून हा खर्च केला.

पहिले पंधरा दिवस मशीन खऱ्या नोटांवरच बोंबलत होतं. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची ५०० ची नोट तुमच्या मशीनने चार लोकांसमोर बाहेर काढली आणि वर टूं टूं करत राहिलं. अण्णांनी काही न बोलता दुसरी नोट दिली, पण पुन्हा काउंटरकडे मान वर करून बघितलं नाही. नोट खरीच होती, फक्त सदऱ्याच्या खिशात धुतली गेली होती. धुण्याच्या पावडरीतलं चमक आणणारं द्रव्य कागदाला लागलं की खरी नोटसुद्धा अतिनील दिव्याखाली उजळते. हे मला बँकेतल्या कॅशियरबाईंनी सांगितलं, तुमच्या माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही.

मग १२ जूनला तुमचा टेक्निशियन आला. दोन बटणं दाबून त्याने सेन्सिटिव्हिटी खाली आणली, म्हणाला, “आता त्रास नाही होणार.” खरंच नाही झाला. त्या दिवसापासून मशीनने एकाही नोटेवर हरकत घेतलेली नाही. वाढदिवसाचं कूपन घातलं असतं तरी मोजलं असतं.

२३ जूनला बँकेत भरणा केला. कॅशियरबाईंनी तीन नोटा बाजूला काढून मला दाखवल्या. खरी नोट तिरपी केली की मधला धागा हिरव्याचा निळा होतो, यांचा हिरवा तो हिरवाच. खऱ्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडेला पाच तिरप्या रेघा असतात, बोट फिरवलं की उठावदार लागतात. यांच्यावर बोट सरळ घसरत गेलं. ज्यांना दिसत नाही त्यांनाही नोट ओळखता यावी म्हणून त्या रेघा आहेत. तुमच्या मशीनला तीन-तीन डोळे असून पत्ता नाही. वर त्या तीन नोटांपैकी दोघींचा नंबर एकच!

नोटांवर शिक्का बसला, पावती मिळाली, दीड हजार गेले. बनावट नोट बँक परत देत नाही आणि तिचे पैसेही जमा करत नाही, नियमच तसा आहे. चारपर्यंत असतील तर पोलिसांना महिन्याअखेरीस एकत्रित कळवतात, पाच झाल्या की थेट गुन्हा नोंदवायला देतात. आणखी दोन नोटा असत्या तर मी पेरणीच्या दिवसांत ठाण्यात जबाब देत बसलो असतो.

आता आजचा फोन. संयमाने लिहायचं ठरवलंय.

मी सगळं सांगितल्यावर तुमच्या बाई म्हणाल्या, “सर, नोटा मशीनमध्ये टाकण्याआधी त्या खऱ्या आहेत का, ते चेक केलं होतं का?”

मला वाटलं लाइन खराब आहे. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, तितक्याच गोड आवाजात.

मी म्हटलं, “मॅडम, तेच चेक करायला मशीन घेतलंय.”

“बरोबर आहे सर. पण चांगल्या रिझल्टसाठी मशीनमध्ये खऱ्याच नोटा टाकायच्या असतात.”

हे वाक्य मी पावतीच्या मागे लिहून ठेवलंय. यावर काय बोलणार? मी गप्प बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या तीन नोटा आम्हाला कुरिअर करा सर, टीम तपासेल.” नोटा बँकेने जप्त केल्यात, हे मी दोनदा सांगून झालं होतं. आणि नसत्या केल्या, तरी बनावट आहेत हे ठाऊक असताना कुरिअरने पाठवल्या तर मला कुठलं कलम लागलं असतं, ते तुमच्या वकिलांना विचारा. शेवटी त्यांनी विचारलं, “आजच्या कॉलला पाचपैकी किती गुण द्याल?” मी नोटांचे नंबर वाचून दाखवले.

वडिलांच्या दुकानात तुमचाच वजनकाटा अकरा वर्षं चालला. त्या नावावर विश्वास ठेवून हे मशीन घेतलं आणि आम्ही हाताने नोट तपासणं सोडलं. खरं नुकसान तिथे झालं. खऱ्या नोटेवर ओरडायचं आणि खोटीवर गप्प बसायचं, याला तिहेरी तपासणी म्हणत असाल तर म्हणा. अण्णा परत आलेले नाहीत, तेही यात धरा.

मशीनचे १४,५०० आणि नोटांचे १,५०० असे १६,००० रुपये पंधरा दिवसांत परत हवेत. नाहीतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून मी ग्राहकच नाही, असं उत्तर तयार ठेवलं असेल तर ग्राहक कायद्यातला स्वयंरोजगाराचा अपवादही वाचून ठेवा. तालुक्यातल्या दुकानदारांच्या ग्रुपवर तुमच्या बाईंचं ते वाक्य मी आजच टाकणार आहे.

पावतीची, बँकेच्या पोचपावतीची आणि टेक्निशियनने सही केलेल्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. मशीन खोक्यात भरून ठेवलंय, तुमच्या माणसाने येऊन न्यावं. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं.

तुमचा ग्राहक (अजून तरी),
एक कृषी सेवा केंद्रचालक, जि. सांगली