फोटोतल्या यंत्राला सुरी नव्हती

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लहान उद्योगांवरच्या लेखासोबत एका तरुण सुताराचा फोटो होता. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवर, फळी चिरतोय, भुसा उडतोय, चेहऱ्यावर हसू. फोटो झकास आहे. पण पात्यावर झाकण, म्हणजे गार्ड, नाही, पात्यामागे सुरीची पट्टी नाही आणि गडी बरोब्बर पात्याच्या रेषेत उभा आहे. लेखात यंत्राबद्दल एकच वाक्य : काम वाढलं म्हणून जास्त हॉर्सपॉवरचं घेतलं. सव्वीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून राहवलं नाही.

काम वाढलं की सगळे आधी मोटरच विचारतात. मीही तेच केलं. उचलून नेता येईल असं, ब्रशच्या मोटरचं छोटं यंत्र होतं माझं. दोन इंची कठीण लाकूड आलं की कण्हायचं. मग ३ हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर, ओतीव लोखंडाचं टेबल, १० इंची पातं असं यंत्र घेतलं. त्यात चूक काही नव्हती. दिवसभर चालवायचं तर इंडक्शन मोटरच हवी. आवाज कमी आणि लोड आला तरी दम टिकतो. थ्री फेज असेल तर पहिल्यांदा जोडताना पातं काढून मोटर क्षणभर फिरवून बघा. दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. मोटरचं एवढंच.

घोळ झाला तो सुरीचा. रायव्हिंग नाइफ म्हणतात तिला, आम्ही नुसती सुरी म्हणतो. पात्याच्या मागे, जवळजवळ चिकटून, पात्याच्याच वळणाची एक पोलादी पट्टी असते. पातं वरखाली करा, तिरकं करा, ती बरोबर जाते. काम एकच : चिरलेलं लाकूड मागे मिटून पात्याला चावू नये. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबत असतात, मागचे दात मात्र वर येत असतात. लाकूड मिटलं किंवा फेन्सपासून, म्हणजे ज्या बाजूच्या पट्टीला टेकवून ते सरकवतात तिच्यापासून, सुटून त्या मागच्या दातांवर गेलं, की ते उचललं जातं आणि थेट तुमच्या अंगावर येतं. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो.

माझ्या यंत्राला सुरी होती. मग ती गेली कुठे? लाकूड वाया जाऊ नये म्हणून मी बारीक चिरेचं, म्हणजे लाकडात कमी रुंद फट पाडणारं, पातं आणलं, २.४ मिलिमीटरचं. सुरी होती २.५ ची. फळी अर्धी चिरली की सुरीवर अडायची. माझ्याकडच्या पोराने एका सकाळी पान्याने ती काढली आणि खिळ्याला टांगून ठेवली. मला दिसली, आणि मी काही बोललो नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी गाठ असलेली एक फळी मिटली. आवाज आठवत नाही. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल वाकलं होतं आणि त्याखाली तळहाताएवढा काळानिळा डाग महिनाभर राहिला. चार बोटं वर लागली असती तर, हा विचार त्या रात्री बायकोने बोलून दाखवला, मी नाही.

पोराला बोललो नाही, कारण चूक माझीच होती. नवं यंत्र बघायला जाल तेव्हा सुरी आहे का एवढंच विचारू नका. तिच्यावर जाडी कोरलेली असते, ती वाचा. सुरी पात्याच्या चिरेपेक्षा बारीक आणि दात सोडून पात्याचा जो पत्रा असतो त्यापेक्षा जाड हवी. हत्याराशिवाय निघते-बसते का, हेही बघा. फळी आरपार न चिरता नुसती खाच मारायची असते तेव्हा गार्ड काढावाच लागतो. तो परत लावायला दहा मिनिटं लागत असतील तर कोणी लावत नाही. दुसरं यंत्र घेताना विक्रेता मला म्हणाला, ‘मास्तर, ते सगळे काढूनच ठेवतात.’ मी दुसरीकडे गेलो.

त्यानंतर फेन्स. हॉर्सपॉवर माहितीपत्रकात वाचता येते, फेन्स हातानेच कळतो. लॉक करा आणि लांबच्या टोकाला अंगठ्याने जोर देऊन ढकला. टोक सरकलं तर बाकी काही बघू नका. मग प्लग काढून पात्याच्या एका दातावर पेन्सिलने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलात पात्याच्या बाजूला जी लांब खाच असते तिच्यापासून अंतर घ्या, पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, पुन्हा मोजा. दात एकच ठेवायचा, नाहीतर पात्याचाच वाकडेपणा मोजला जातो. दोन मापांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. जास्त निघाला तर जुळवता येतो. पण पातं ज्यावर बसतं तो सांगाडा खालच्या पेटीला बसवलेला असेल तर टेबलाचे बोल्ट सैल करून काम होतं आणि टेबलालाच लटकवलेला असेल तर उताणं पडून अर्धा दिवस जातो. मी दोन्ही केलंय. फेन्स पात्याला समांतर हवा. मागचं टोक केसभर बाहेर चालेल, आत कधीच नको.

निम्म्याहून जास्त काम प्लाय आणि लॅमिनेटचं असेल, तर मात्र साध्या टेबल सॉवर खर्च करण्याआधी स्लायडिंग टेबलचा विचार करा. ही कल्पना जुनीच, जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांची, १९०६ची. शीट ढकलायची नाही, सरकत्या टेबलावर ठेवून टेबलच ढकलायचं. त्यात मुख्य पात्याच्या पुढे उलट फिरणारं छोटं पातं असेल तर ते खालून आधी रेघ मारतं आणि लॅमिनेटच्या कडेचे टवके उडत नाहीत. जागा मात्र खातं. तशी साध्या सॉलाही लागतेच : आठ फुटी शीट लांबीत चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट.

बोट लागताच थांबणारी यंत्रंही निघाली आहेत. स्टीफन गॅस यांनी १९९९मध्ये हे अमेरिकेत शोधलं. शरीरातून वीज वाहते हे ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाच मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं. ठोकळा आणि पातं दोन्ही बाद होतात, ओल्या लाकडाने कधी उगाचही सुटतो. परवडत असेल तर जरूर घ्या. पण उडालेली फळी ते अडवत नाही, तिथे सुरीच लागते.

भुसा ओढणारं यंत्र त्याच दिवशी घ्या, ‘नंतर बघू’ नको. लाकडाची धूळ १९९५पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत.

विनंती अशी, की पुढच्या वेळी असा फोटो छापताना गार्ड बसवलेला निवडा. नवी पोरं फोटो बघून शिकतात. आणि त्या तरुणापर्यंत निरोप पोचवता आला तर सांगा, फेन्स उजवीकडे आहे ना, मग पात्याच्या रेषेतून एक पाऊल डावीकडे सरक. तुझ्या पट्ट्याला बक्कलसुद्धा दिसत नाही.

आपला,
एक सुतार वाचक