बसने आल्प्स, पण बसचाच पत्ता नाही: सहलीतील त्रुटींबाबत तक्रार

दि. ८ जुलै २०२४

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग, पुणे

विषय: जून २०२४ मधील स्वित्झर्लंड सहलीच्या आखणीतील गंभीर चुका व नुकसानभरपाईबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी, माझी पत्नी आणि आमचे शेजारी पती-पत्नी असे चौघे आपल्यामार्फत स्वित्झर्लंडला जाऊन आलो. गाइड नाही, स्वतंत्र गाडी नाही. हॉटेले, रेल्वे-बसचा पास आणि रोजच्या वाटेची छापील पुस्तिका आपण द्यायची. सार्वजनिक बसने डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पुढे आम्ही आमचे चालायचे. कल्पना आवडली म्हणूनच पैसे भरले. आम्ही चौघे साठीच्या आसपासचे असलो तरी एसटीने गड केलेली माणसे आहोत. राजगड उतरायला उशीर झाला आणि गुंजवण्याची शेवटची गाडी गेली, की मार्गासनीपर्यंत तंगडतोड ठरलेली, हे आम्ही कॉलेजात असताना शिकलो. बसच्या जिवावर डोंगर करायचा तर आधी वेळापत्रक बघायचे आणि मग नकाशा उलगडायचा, एवढे आपल्या कार्यालयातही कुणाला तरी ठाऊक असेल असे धरून चाललो, ही आमची चूक.

पहिला फटका १२ जूनला बसला. पुस्तिकेप्रमाणे मायरिंगनहून पिवळ्या पोस्टबसने (तिथल्या टपाल खात्याच्या सार्वजनिक बसने) सुस्टेन खिंडीकडे जायचे आणि वाटेत स्टाइनग्लेचरला उतरून हिमनदीच्या बाजूने फिरायचे होते. थांब्यावरच्या फलकावर त्या दिवशी तशी बसच नव्हती. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितले, की सुस्टेन, ग्रिमसेल, फुर्का या खिंडींवरच्या बस जूनच्या उत्तरार्धापासून शरद ऋतूच्या सुरुवातीपर्यंतच धावतात. सुस्टेन २२२४ मीटरवर आहे, फुर्का २४२९ वर. बर्फ हटल्याशिवाय रस्ताच उघडत नाही. ही माहिती गुप्त नाही. आम्ही पुण्यातून मोबाइलवर बघितले असते तरी कळले असते. पण ते बघण्याचेच तर पैसे आपण घेतले होते. तो दिवस आम्ही गावाजवळचा राइखेनबाखचा धबधबा बघून काढला. धबधबा छान आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही.

खरी तक्रार १५ जूनची आहे. कांडर खोऱ्यातल्या राइखेनबाख स्टेशनवर (धबधब्याचे राइखेनबाख वेगळे) रेल्वेतून उतरलो तर समोरच बस उभी. कीनतालच्या पुढे ग्रीसाल्पपर्यंतचा तो रस्ता २८ टक्के चढाचा आहे, युरोपातल्या पोस्टबसच्या मार्गांत सर्वांत उभा म्हणून तो ओळखला जातो. आंधळ्या वळणांवर चालक तीन सुरांचा भोंगा वाजवतो, तो रोसिनी या संगीतकाराच्या 'विल्यम टेल' या ऑपेरातला. अशा रस्त्यांवर समोरच्या गाडीवाल्याने पोस्टबसच्या चालकाचे ऐकायचे असा तिथला नियमच आहे. वरंधा घाटात हे करून बघा! त्या बसप्रवासाबद्दल आम्हाला एका अक्षराचीही तक्रार करायची नाही, हे मुद्दाम लिहितो. कारण फोनवर आपल्या प्रतिनिधीने दोष 'तिकडच्या वाहतुकीवर' ढकलायचा प्रयत्न केला.

ग्रीसाल्प १४०८ मीटरवर. तिथून सेफिनेनफुर्गे ही २६१२ मीटरची खिंड ओलांडून पलीकडे म्युरेनला उतरायचे आणि तिथेच मुक्काम, अशी आपली आखणी. शेरा होता: 'मध्यम, सोपी पायवाट, पिवळ्या पाट्यांच्या मागे चालत राहा.' आमचे सामान आदल्या दिवशीच रेल्वेने म्युरेनला रवाना झाले होते. आता हिशेब मांडू. चढ बाराशे मीटर, उतार साडेनऊशेहून जास्त. म्युरेन स्वतःच १६३८ मीटरवर, म्हणजे मुक्कामाचे गाव जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढे उंच आणि खिंड त्याच्याही हजारभर मीटर वर. याला सोपी पायवाट म्हणणाऱ्याने कधी सिंहगड तरी पायी चढला आहे का, असा प्रश्न आमच्या शेजाऱ्यांनी विचारला. मी तो जसाच्या तसा पोहोचवतो.

पाट्यांचे तर आपण पार उलटेच छापले आहे. तिथे साध्या वाटेची पाटी पिवळी असते, हे खरे. पण डोंगरवाटेची पाटीही पिवळीच असते, फक्त तिचे टोक पांढरे-लाल-पांढरे असते. ते टोक म्हणजे पाय खंबीर हवेत, उंचीची भीती नको, अशी सूचना. त्याहून अवघड आल्पाइन वाटांच्या पाट्या निळ्या, पांढरे-निळे-पांढरे टोक असलेल्या. नुसते पिवळे बघून चालायला सांगणे म्हणजे उतारूला 'लाल गाडीत बसा' सांगण्यासारखे आहे; गाडी कुठली ते बघायला नको? शिवाय पाटीवरची वेळ सपाटीला ताशी ४.२ किमी चाल धरून काढतात आणि त्यात विश्रांती मोजत नाहीत. आपण तीच वेळ उतरवून घेतली आणि खाली 'जेवणासह' असे स्वतःच्या मनाने जोडले.

वरच्या गोठ्यांच्या पुढे बर्फ लागले. यंदा जूनमध्येही वर भरपूर बर्फ होते. खिंडीखालच्या उभ्या उतारावर पाऊलवाट दिसेना, आमच्याकडे काठ्यांशिवाय काही नाही, म्हणून परत फिरलो. तो निर्णय आमचा आणि तो बरोबर होता. ग्रीसाल्पला पोहोचलो तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. पुस्तिकेत तिची वेळच दिलेली नाही. 'बसेस नियमित आहेत' एवढेच वाक्य आहे. त्या वेळी आपल्या 'चोवीस तास मदत' क्रमांकावर चार वेळा फोन केला. तिथे संध्याकाळचे सात म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेदहा. कुणी उचलला नाही. मग अंधार पडेपर्यंत कीनतालला चालत उतरलो आणि तिथे दोन खोल्या घेतल्या. पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळ्या डोंगरापलीकडे, म्युरेनला, बॅगेत होत्या. ती रात्र कशी गेली ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

दुसऱ्या दिवशी श्पीझ, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन असा वळसा घालून दुपारी म्युरेनला पोहोचलो.

आमची मागणी अशी. म्युरेनची न वापरलेली रात्र आणि कीनतालच्या खोल्या व जेवणाचे २९४ फ्रँक परत मिळावेत, पावत्या सोबत जोडल्या आहेत. वाया गेलेल्या सुस्टेनच्या दिवसाची रक्कम आपण आपल्या दरपत्रकाप्रमाणे काढावी. आम्ही आकडा फुगवणार नाही. आणि ही पुस्तिका पुढच्या ग्राहकाच्या हाती अशीच देऊ नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाऊ.

आपला,
एक ग्राहक
(बुकिंग जून २०२४, चार प्रवासी)

ता. क. : पुस्तिकेची मूळ प्रत पेन्सिलने दुरुस्त करून पाठवत आहे. कुठली बस कधी सुरू होते आणि कधी बंद होते ते समासात लिहिले आहे. झेरॉक्स आमच्याकडे आहे.