याय, माझ्या आईचं नाव विचारलंस म्हणून

प्रिय याय,

वोलोफमध्ये ‘याय’ म्हणजे आई, आणि समोरच्या दारातल्या तुला मी तेच म्हणते. हे पत्र तुला वाचता येणार नाही. तुझ्या नातीला मी ते फ्रेंचमधून सांगेन, ती तुला वोलोफमधून सांगेल आणि मधल्या मध्ये पदरचं बरंच घालेल, हेही मला ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितेय. आभार तुझेच आहेत, पण इथे सेनेगलमध्ये, डाकारमधल्या आमच्या काही मराठी मंडळींच्या कानावरही ते जायला हवेत.

माझं बाळंतपण तोंडावर आलं आणि तिकडे बाबांचं ऑपरेशन निघालं. आईचं येणं रद्द. सासूबाई हयात नाहीत, नवऱ्याला सख्खी बहीण नाही. तेव्हा मी आपल्या लोकांच्या ग्रुपवर लिहिलं की घरी आल्यावर थोडे दिवस कुणी दुपारपुरतं तरी सोबतीला येईल का. उत्तरादाखल फुलं आली, जोडलेले हात आले, ‘काहीही लागलं तर हक्काने सांग’ असंही आलं. अहो, हक्काने सांगितलंच होतं की! एका वहिनींनी फोन केला, पण तो सल्ला द्यायला. मेदिनात, डाकारच्या या वस्तीत, घर घ्यायलाच नको होतं म्हणे, रात्रभर ते ढोल बडवतात, बाळ झोपणार कसं. याच वहिनी दर गणपतीला ढोल-ताशाशिवाय मजा नाही म्हणून हळहळतात. आपला ढोल म्हणजे संस्कृती आणि शेजारणीचा ढोल, साबार, म्हणजे कटकट!

तर मेदिनाबद्दल थोडं. १९१४ साली प्लेग आला, तेव्हा फ्रेंच सरकारने आफ्रिकी लोकांना शहराच्या मुख्य भागातून, प्लॅटोमधून उठवलं आणि इथे आणून बसवलं. प्लेगच्या नावाखाली सरकार घरात शिरलं की काय होतं, हे आम्हा पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अशी उठवलेली माणसं जिथे पुन्हा एकमेकांना धरून राहिली, ती ही वस्ती. गायक यूसू न्दूर इथलाच, आणि म्बालाख नावाच्या ज्या संगीतावर त्याने जग नाचवलं त्याच्या मुळाशी साबारच आहे. एका हाताने आणि दुसऱ्या हातातल्या काठीने वाजणारा हा ढोल वादक दुदू न्दियाय रोझ यांनी जगभर नेला. युनेस्कोने २००६ साली त्यांचा गौरव केला. ढोल पुरुषांनीच वाजवायचा अशी रीत असताना त्यांनी लेकी-नातींना शिकवून बायकांचं पथक उभं केलं, ते मला त्या गौरवापेक्षाही मोठं वाटतं.

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते तुझ्या भिशीत. पैसे गोळा करायचे, ज्या बाईची पाळी तिच्या हातात द्यायचे, आणि मग नाचायचं. आमच्याकडे भिशीत फार तर भेळ असते. तुमच्याकडे गल्ली अडवून मांडव पडतो, भाड्याच्या खुर्च्यांचं रिंगण होतं आणि वादक एका बाजूला उभे राहतात. काठावर बसलेली, मगाशी मासे निवडत असलेली बाई एकदम उठते, धावत आत जाते आणि मुख्य वादकासमोर जाऊन उभी ठाकते. गुडघे उघडतात, पाय गरकन फिरतो, ती हवेत जाते. तो तिच्या पायांवरची नजर हलवत नाही. ती जमिनीवर येते त्याच क्षणी त्याची काठी पडते. संपलं! ती तोंडावर हात घेऊन हसत जागेवर पळते, तोवर दुसरी उठलेली असते. कुणीही फार वेळ रिंगण अडवत नाही आणि कुणाला नुसतं बघतही बसू देत नाहीत. भांडण झालेल्या दोघी इथे एकमेकींसमोर नाचतात आणि नव्या सुनेला गल्ली इथेच पहिल्यांदा धड बघते. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता बारशाचं. तू आठव्या दिवसावर अडून बसलीस, कारण तुमचं बारसं, न्गेंते, आठव्या दिवशीच होतं. मी बाराव्यावर. शेवटी तू माझ्यापुढे हार मानलीस (पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटची). आमच्याकडे मांस शिजणार नाही म्हटल्यावर ‘मेंढ्याचे पैसे वाचले’ म्हणालीस आणि बाजरीच्या घट्ट लापशीवर गोड दही घालून पातेलंभर ‘लाख’ नावाचा तुमचा पदार्थ करून आणलास. मी अंथरुणातून सूचना देऊन घुगऱ्या करवून घेतल्या. साडीची झोळी बांधली. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ तुझ्या लेकींनी असं काही म्हटलं की गोविंदालाही ओळख पटली नसती. मान आत्याचा, हे तुला सांगावंच लागलं नाही, तुमच्याकडेही बापाच्या बहिणीचा मान मोठा. तुझी थोरली लेक आत्या झाली. आत्याने कानात कुर्र केलं की बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे मी सांगून चुकले. याय, आमच्याकडे दोन-चार धपाटे घालतात. तुझ्या धाकट्या लेकींनी तिच्या पाठीवर अख्खा साबार वाजवला!

संध्याकाळी गल्लीत ढोल आले. मी दारात खुर्ची टाकून बसले होते, बाळ मांडीवर. आत्या नाचली, मावश्या म्हणवणाऱ्या नाचल्या. मग वादकांच्या म्होरक्याने बाळाच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, बोलावलं. रीतच ती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण रडू येत होतं आणि बाळंतिणीने रडू नये असं मला फोनवरून बजावलेलं होतं.

तू माझ्याजवळ आलीस आणि विचारलंस, तुझ्या आईचं नाव काय? मी सांगितलं. तिच्या आईचं? तेही सांगितलं. तू ती दोन्ही नावं पुटपुटत, विसरू नयेत म्हणून बोट धरल्यासारखी सांभाळत म्होरक्याकडे नेलीस.

तो गेवेल. ढोल वाजवणं आणि घराण्यांची नावं, कूळ, मोठेपण तोंडपाठ ठेवून चारचौघांत गाणं हे त्यांचं पिढीजात काम, आमच्या हेळव्यांसारखं. (जात तिथेही सुटलेली नाही. ज्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायला लोक नोटा काढतात, त्याच्या घराशी सोयरीक करताना तेच लोक मागे सरतात.) त्याने माइक घेतला आणि माझ्या आईचं नाव घेतलं. मग तिच्या आईचं. उच्चार वाकडे, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीत जावा. आमच्या गावात आईला कुणी तिच्या नावाने हाक मारत नाही. ती अमक्याची सून, तमक्याची बायको, माझी आई. आजीचं नाव तर सातबाऱ्यावरही नव्हतं. ती दोन नावं मी भरल्या गल्लीत, लाउडस्पीकरवरून, पहिल्यांदा मेदिनात ऐकली.

आणि त्या नावावर तू आत गेलीस, माझ्या आईच्या जागी. तुझा गुडघा धड नाही, डॉक्टरने नाचायला मनाई केलीय, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत. उडी मारली नाहीस. लुगडं एका हाताने धरलंस, जरा वाकलीस, पाय दोनदा फिरवलास. म्होरक्याने ढोल तुझ्या गुडघ्याच्या बेताने धीमा केला आणि तू थांबलीस तिथेच काठी टाकली. फोनवर आई बघत होती. म्हणाली, ‘अगं, ही बाई वाकताना अगदी माझ्यासारखा गुडघा धरते.’ पुढे नेटवर्क गेलं.

एरवीचं तू केलंस ते कमी नव्हतं. डबे, अंग चोळणं, रात्री बाळ पाठीशी बांधून फिरवणं. पण स्वयंपाक पैसे देऊनही करून घेता येतो. समारंभात एका गैरहजर बाईची उणीव दिसणं आणि ती स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याने भरून काढणं, हे कुणाला सुचतं? चांगुलपणाला फार शिक्षण लागत नाही, नजर लागते. आमच्या ग्रुपवर शिक्षणाची कमी नाही.

वादकांना तू दिलेले पैसे मला अजून परत करू देत नाहीस. इथल्या सरकारने १९६७ सालीच घरगुती समारंभांतल्या उधळपट्टीविरुद्ध कायदा केलाय, हे मी तुला ऐकवलं, तर म्हणालीस की पोलीसही बायका-मुलांसह बारशाला येतात.

बाबा आता बरे आहेत. पावसाळा संपला की आई येतेय. भिशीची तेव्हाची बैठक माझ्या घरी ठेव, लाख मी करेन, बिघडलं तर गप्प खायचं. आईला नऊवारी आणायला सांगितलंय. तू तिला रिंगणात ओढणार हे मी तिला सांगितलेलं नाही. आणि त्या वहिनींनाही बोलावतेय.

तुझी,
समोरच्या दारातली लेक