फेस टिकतो तो नुसत्या पृष्ठताणामुळे नाही

मा. संपादक,
स. न.

पुरवणीतला फेसावरचा लेख वाचला. छान होता, पण 'पृष्ठताण (म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसून राहायची ओढ) कमी झाला की फेस टिकतो' हे वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. हे अर्धंच खरं आहे हो. दुधातली दोन प्रोटीन घ्या, बीटा-केसिन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. पृष्ठताण दोन्ही कमी करतात, त्यात केसिन तर झटपट करतं, पण त्याचा थर सैलसर, सहज सरकणारा. लॅक्टोग्लोब्युलिनचे रेणू मात्र पृष्ठभागावर आले की थोडे उलगडतात आणि शेजाऱ्यांना धरून बसतात, अन् तासाभरात तिथे चक्क जाळं तयार होतं, ते हळू ढकललं तर रबरासारखं ताणून परत येतं आणि जोरात ढकललं तर तुटून वाहायला लागतं. म्हणजे खाली पाणी आणि वर काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा घट्ट पदार्थ! फेस टिकायला अशा थराचाही हातभार लागतो.

बारीक कणांचं तर अजून भारी. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचा कण पाणी आणि तेलाच्या मधे एकदा अडकला की त्याला बाहेर काढायला जी ऊर्जा लागते ती उष्णतेमुळे रेणूंची जी धडपड चालते तिच्या ऊर्जेच्या लाखो ते कोट्यवधी पट असते, त्यामुळे तो आपणहून सुटतच नाही. असे कण दाटीने बसले की ट्रॅफिक जाम. मग बुडबुडा गोल नसला तरी तसाच वाकडा राहतो. ताटलीतल्या पाण्यावर टाल्कम पावडर दाट भुरभुरवा आणि कडेने पट्टीने दाबून बघा, पाण्याला सुरकुत्या पडतात! साबणाचा थेंब टाकला तर तडा जातो. पाण्याला तडा, बोला आता.

थराचा हा घट्टपणा मोजायला मात्र किचकट, कारण थर हलवला की खालचं पाणीही ओढलं जातं आणि नक्की कोणाचा विरोध मोजतोय तेच कळत नाही, म्हणून पृष्ठभागावर बारीकशी चुंबकीय सुई तरंगवून ती हलवतात, जितकी बारीक तितका थराचा वाटा जास्त.

आणि पृष्ठभाग पट्टीने दाबून बघायची युक्ती आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी घरच्या घरी, पत्र्याच्या पसरट भांड्यात वापरली होती. त्यांनी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. 1891 मध्ये त्यांनी लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांना पत्र लिहिलं, रॅलेंनी ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाकडे धाडलं आणि तिथे ते छापलंही गेलं. (वाचकांची पत्रं छापत जा, ती यासाठी!) पुढच्या लेखात या बाईंना दोन ओळी तरी द्या.

आपला,
एक नियमित वाचक