मेडिकलवाल्या ताई, तुम्ही विचारलं म्हणून

ताई, दोनदा तुमच्या काउंटरवर येऊन गेलो पण गर्दीत बोलणं झालंच नाही, म्हणून हे पत्र लिहायलो.

सोयाबीन काढणीत आमच्या आबांची कंबर धरली. डॉक्टरांनी रात्रीला टिझानिडीन 2 मिलिग्रॅमची गोळी दिली, ती बरोबरच होती, पण आबा झोपेसाठी अश्वगंधाच्या कॅप्सूल आधीपासून घ्यायचे, भावानं पुण्याहून पाठवलेल्या, अन् हे आम्ही दवाखान्यात सांगितलंच नाही. अश्वगंधा काय औषध थोडीच हाय, असंच घरात सगळ्यांना वाटायचं. तिसऱ्या दिवशी पहाटं आबा लघवीला उठले अन् न्हाणीपाशी भोवळ येऊन पडले, नऊ वाजले तरी गुंगी जाईना, आम्ही म्हणलो कामाचा शीण असंल.

मी त्याच गोळीचं दुसरं पान न्यायला लातूरला तुमच्याकडं आलो. पान द्यायच्या आधी तुम्ही विचारलं, आबा आणखी काय काय घेतेत? काढा, चूर्ण, डब्यातली पावडर, सगळं सांगा म्हणलात. हे तोवर आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं.

मग मागं एवढे लोक उभे असताना तुम्ही नीट समजावून सांगितलं, की टिझानिडीननं स्नायू सैल होतेत तसं बीपी पण उतरतं अन् झोप येते, अश्वगंधानं पण सुस्ती येऊ शकते, बीपी उतरू शकतं, दोन्ही एकावर एक पडलं की म्हातारं माणूस अचानक उठलं की तोल जाऊ शकतो, अन् क्वचित लिव्हरला त्रास दोन्हीनं होऊ शकतो. डॉक्टरांना फोन पण तुम्हीच लावला. त्यांनी कॅप्सूल बंद केल्या, गोळी चार दिवस ठेवून मग थांबवली. तोवर आबांनी आधी खाटेवर बसायचं, मग उठायचं, हे पण तुम्हीच सांगितलेलं.

तुम्ही दिलेली चिठ्ठी आठवते का? टिझानिडीनसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अजिबात नको, त्यानं लिव्हरमधी टिझानिडीन नीट फुटत नाही अन् तिचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटीनं वाढतं. मागच्या आठवड्यात ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, लघवीच्या इन्फेक्शनवर सिप्रोच लिहून आली, अन् तिला मानंसाठी टिझानिडीन चालू. चिठ्ठी दाखवली, डॉक्टरांनी लगेच बदलून दिली.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्या शेतात या. आई भज्जी अन् आंबील करणार हाय, आबा तुमची वाट बघायलेत.