राजीनामा दिला आहे, हे आधी तुम्हालाच कळवतो

हिंगणघाट
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तुम्ही फोन ओट्यावर स्पीकरवर लावता, शेजारचे काका तिथंच असतात, आणि बाबा दोनदा "हाव, हाव" करून फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितो आहे. बाबांनी स्वतः वाचावं आणि आईला वाचून दाखवावं. धाकट्याला वाचायला देऊ नका, तो मधल्या ओळी गाळतो.

मी बायांच्या गटांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीतल्या वसुलीच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. नोटीस महिन्याची आहे, १२ डिसेंबर शेवटचा दिवस. दुसरी नोकरी पाहून ठेवलेली नाही. मला कोणी काढलेलं नाही आणि कोणाशी भांडणही झालेलं नाही. कलेक्शनचे पैसे कमी पडले की काय, हे आईच्या मनात सगळ्यात आधी येईल, म्हणून लिहून ठेवतो: रोजचा पैसा रोज जमा झाला आहे, आणि माझ्या सगळ्या गटांचा हिशोब तपासूनच कंपनी मला सोडपत्र देणार आहे.

बाबा म्हणतील, "काऊन पण? उन्हातान्हाचं काम कोण करत नाही?" उन्हाचा त्रास मला कधीच वाटला नाही. सकाळी सहाला गाडीला किक मारायची, सातला पहिला गट, दुपारपर्यंत तीन-चार गावं, ब्रँचवर येऊन पैसे मोजायचे, मग संध्याकाळी पुन्हा ज्यांचे राहिले त्यांच्याकडे. वरच्या खोलीत आम्ही पाच पोरं आळीपाळीनं स्वयंपाक करतो. माझ्या पाळीला वांग्याची भाजी असते म्हणून सगळे खूश असतात. यातलं काहीच मला जड नव्हतं.

जड काय होतं ते आईला लवकर कळेल, कारण आई स्वतः दर बुधवारी गटात बसते. आई, तुमच्या गटात एखादीचा हप्ता नसला की काय होतं, आठव. कोणी उठत नाही. साहेबाला वसुली शंभर टक्के दाखवायची असते, आणि कर्ज देतानाच सगळ्यांनी एकमेकींची हमी घेतलेली असते. मग बाकीच्या नऊ जणींना कामाला जायची घाई, कोणाचं वेचणीला जायचं राहतं, कोणाच्या चुलीवर भात, आणि त्या सगळ्या मिळून त्या एकीला बोलायला लागतात. तू हे सतरंजीवर बसून पाहतेस. मी चार वर्षं खुर्चीवर बसून पाहिलं. मला आवाज चढवावा लागत नाही, बाबा. मी नुसतं बसून राहायचं असतं. बायाच बाईला बोलतात आणि माझं काम होतं.

यंदाच्या पावसानं तर कळसच केला. तुमच्याकडे नाल्याकाठचं सोयाबीन गेलं तसंच इकडेही गेलं. एका गावात एका बाईचं दोन एकर पाण्यात सडलं. ती म्हणाली, "एका हप्त्याची सूट द्या ना जी, दिवाळीनंतर देते." सूट द्यायचा अधिकार मला नाही. मी ब्रँचला फोन केला, तिकडून उत्तर आलं, "बसून राहा." बसलो. अंधार पडत आला. तिच्या सासूनं आतून पाणी आणून दिलं, मला बापू म्हणाली. शेवटी शेजारणीनं आठशे रुपये आणून तिच्या पुढ्यात टाकले आणि जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. मी पैसे मोजले, लोन कार्डावर सही केली. रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा अंगठा आला. शंभर टक्के.

नियम सगळे आहेत. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तोंडपाठ करायला लावले होते. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आहेत: घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलं तरच हे कर्ज, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन नको, धमकी नको, अपमान नको. परीक्षेत मला यात पूर्ण मार्क होते. पण ज्या घरात आधीच दोन कंपन्यांची कार्डं खुंटीला लटकलेली, तिथं उत्पन्न किती लिहायचं हे फॉर्म भरणाऱ्याला चांगलं माहीत असतं. लाडक्या बहिणीचे पंधराशे खात्यात कधी पडतात, यावर आमचा गावांचा दौरा ठरायला लागला तेव्हा माझं मन उठलं ते उठलंच.

कर्ज देणं वाईट, असं मी म्हणत नाही. या बाया आधी सावकाराकडे महिन्याला शेकडा पाचनं जात होत्या, बँकेच्या दारात त्यांना कोणी उभं करत नव्हतं. कितीतरी जणींनी शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतली, एकीची पिठाची चक्की आजही जोरात चालते. चांगल्या वर्षात हे काम करायला मला आवडतही होतं. बाबा, तुमचं पीककर्ज २०१९ च्या महात्मा फुले योजनेत माफ झालं, यादीत नाव पाहून तुम्ही पेढे वाटले होते. या बायांच्या कर्जाला तशी यादी लागत नाही. पीक गेलं तरी पुढचा बुधवार येतोच. त्या बुधवारी खुर्चीवर मी नको, एवढंच माझं म्हणणं आहे. कोणीतरी बसेलच, हेही मला कळतं.

आता पैशाचं, कारण रात्री तुम्ही दोघं तेच बोलणार.

बाबांचा पहिला मुद्दा ग्रॅच्युइटीचा असेल, मागेही तुम्ही विचारलं होतं. ती पाच वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही. मी जुलै २०२१ ला लागलो, म्हणजे अजून आठ महिने. हिशोब असा असतो: शेवटचा मूळ पगार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. माझा मूळ पगार अकरा हजार, म्हणजे पाच वर्षांचे बत्तीस हजारांच्या आत-बाहेर. आठ महिन्यांत वाटले तर महिन्याला चार हजार. तेवढ्यासाठी मी तिथं आणखी आठ महिने बसू शकत नाही. हा आकडा मी बराच काळ उलटसुलट करून पाहिला आहे, तेव्हा यावर वाद नको.

पीएफ मी काढणार नाही. पाच वर्षांच्या आत पन्नास हजारांवर रक्कम काढली तर कर कापला जातो, आणि तसाच ठेवला तर व्याज चालू राहतं. मागच्या वर्षी ८.२५ टक्के होतं, एवढं आपल्याला एफडीवर कोण देतो? पुढे कुठेही लागलो तरी नंबर तोच राहतो.

बँकेत माझे १ लाख ३२ हजार आहेत. घरी पाठवतो ते आठ हजार तसेच येत राहतील. माझा खर्च सहा हजार, वर्ध्याला मित्राच्या खोलीत अर्ध्या भाड्यानं राहीन. गाडीचे हप्ते फेब्रुवारीत संपतात. लोकांचे हप्ते गोळा करणाऱ्याचाही हप्ता असतो, यावर ब्रँचमध्ये आम्ही पुष्कळ हसलो आहोत. हे सगळं धरून जूनपर्यंत निभतं. पेरणीचं बी-खत मात्र यात धरलेलं नाही, ते यंदा कापसातूनच काढावं लागेल.

आणि म्हणूनच कापसाबद्दल सांगतो. पोराची नोकरी गेली या धसक्यानं दारावर आलेल्या व्यापाऱ्याला कापूस देऊ नका. परदेशी कापसावरचं आयातशुल्क सरकारनं ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत काढून टाकलं आहे, त्यामुळे व्यापारी भाव पाडूनच मागणार. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, मध्यमचा ७,७१०. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर द्यायचा तर ॲपवर नोंदणी लागते, ती धाकटा मोबाइलवर करून देईल, सातबारा आणि आधार जवळ ठेवा. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत पाठवतात. पहाटेच्या दवात वेचलेला तसाच पोत्यात भरू नका, दोन दिवस पत्र्यावर वाळवा. आईला सांगायची गरज नाही, बाबांना आहे.

कंपनीचा आरोग्य विमा माझ्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, तुम्हा दोघांची नावं त्यातूनही जातील. त्याची धास्ती घेऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत. कार्ड काढून घ्या, दुखणं आल्यावर धावपळ नको. आईच्या साखरेच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणा. तिथं २०२३ च्या पंधरा ऑगस्टपासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. गोळ्या संपल्या की बाबा "सोमवारी आणू" म्हणतात, आणि त्यांचा सोमवार कधी येतो ते आईला विचारा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मामांनी पुसदकडच्या ज्या पाहुण्यांशी बोलणं लावलं आहे, त्यांना कळवून टाका. मला माहीत आहे, बायोडेटावर पहिल्या ओळीत नोकरीच आहे. पाच एकर कोरडवाहू असलेल्या घरात पोरगी कोणी देत नाही, आपल्या गावातली तिशी ओलांडलेली पोरं मलाही मोजता येतात. मामा म्हणतील, "दोन महिनं दम धर, टिळा होऊ दे, मंग सांगू." तसं होणार नाही. मुलीच्या बापाला आज कळलं तर तो फार तर नाही म्हणेल. टिळ्यानंतर कळलं तर आयुष्यभर माझ्या तोंडाकडे पाहून बोलेल. नाही म्हणाले तर मला वाईट वाटेल. फोटो मला आवडला होता, हे आईला माहीतच आहे. तरी सांगा. तुम्हाला जड जात असेल तर नंबर पाठवा, मी स्वतः बोलतो.

गावातही लपवू नका. "सुट्टीवर आला", "बदली झाली" असलं काही नको. सोडली म्हणा. कोणी हसलं तर हसू द्या. मी चार दिवस अंगणात दिसलो की तसंही सगळ्यांना समजेल, मग तुम्हाला प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगत बसावं लागेल आणि बाबांना ते जमत नाही.

पुढे काय, हे खरंच ठरलेलं नाही. वर्ध्याला दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवलं आहे: एका शेतकरी कंपनीत हिशोबाचं काम आहे, पण पगार निम्मा. दुसरीकडे पुन्हा फायनान्स, तिथं जाणार नाही. कॉमर्सची डिग्री आहे, गावोगावच्या बाया नावानिशी ओळखतात, हिशोब चुकत नाही. एवढ्यावर काहीतरी मिळेल असं मला वाटतं. कायमचा वावरात येत नाही. पाच एकरांत तुम्हा दोघांचंच कसंबसं निघतं, तिसरा माणूस त्यावर नको. वेचणीला आणि तुरीला मात्र येईन, बाया मिळत नाहीत म्हणून आई रडते ते यंदा नको.

आई, आता तुझ्या कर्जाचं. तुझे सतरा हजार राहिले आहेत. ते मी डिसेंबरच्या आत एकदम भरून टाकतो, वरच्या १ लाख ३२ हजारांतून. राहिलेल्यातही जूनपर्यंतचा हिशोब बसतो, पाहिलं आहे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर जास्तीचा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. "आत्ता बंद करता येत नाही" असं कोणी म्हणालं तर माझा नंबर दे. पैसे भरले की पावती घे, कार्डावर नोंद करून घे, आणि कर्ज फिटल्याचं लेखी पत्र मागून घे. तेवढ्यावर थांबू नको. पत्र हातात पडल्याशिवाय कुठंही अंगठा लावायचा नाही, कारण तो पोरगा त्याच दिवशी नवीन, मोठं कर्ज काढून देतो म्हणेल. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, त्याच्यावर रागावू नको. गटातल्या बाया म्हणतील, तू निघालीस तर गट मोडतो. त्यांना सांग, पोरगं नको म्हणते. माझ्यावर ढकल.

मी १३ तारखेला दुपारच्या एसटीनं येतो. बाबा, जे बोलायचं असेल ते तेव्हा बोला, फोनवर नको. आणि दारव्ह्याहून येताना तुरीच्या फवारणीचं औषध आणायचं असलं तर नाव लिहून पाठवा, दुकानदार सांगेल ते मी घेणार नाही.

तुमचा
मोठा